तिसऱ्या दिवसाची काचपट्टी

मित्रांनो, पितळेचं अंग, तीन भिंगं आणि खाली एक गोल आरसा, असा मी एक म्हातारा सूक्ष्मदर्शक. उज्जैनमध्ये शिपाई बापू मला खुर्दबीन म्हणायचे, डॉक्टर मायक्रोस्कोप म्हणायचे. विनोदिनीबाई मात्र 'आमचं यंत्र' म्हणायच्या. त्या 'आमचं'साठी मी अजून झुरतो.

जन्म माझा जर्मनीतला. बोटीनं मुंबईला आणि तिथून आगगाडीनं मी उज्जैनला आलो, तेव्हा इथे ग्वाल्हेर संस्थान होतं. फ्रीगंजजवळच्या एका दवाखान्यात उत्तरेच्या खिडकीशी मला मांडलं. देश स्वतंत्र झाला, दारावरची पाटी बदलून 'मध्यभारत' आलं, पण माझं टेबल तेच राहिलं. हिवतापाचं रक्त, खोकल्याचा बेडका, पोटातले जंत, सगळं मी दाखवत असे. तपासणारे आले नि गेले. कुणी घाईत भिंग काचेवर आपटायचा, कुणी मला उघडाच सोडून घरी जायचा.

पन्नास साली विनोदिनीबाई आल्या. इंदूरला तपासणीचं काम शिकून आलेल्या, अंगानं बारीक, बोलायला कमी. आल्या त्या दिवशी त्यांनी जुन्या मलमलीच्या तुकड्यानं माझी भिंगं पुसली आणि मगच काम मागितलं. सहा वर्षं त्या रोज माझ्यावर वाकत होत्या. त्यांचा डोळा टेकला की मला वाटायचं, आता मी नुसतं पितळ नाही.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात रजनीबाई आल्या. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांच्या अंगभर पाण्याचे फोड आले होते, ते फुटून कातडी सोलवटत होती. सुई धरवत नव्हती. आमचे डॉक्टर, ज्यांना सगळे भय्यासाहेब म्हणत, त्यांनी सांगितलं की शरीराची राखण करणारी शक्तीच चुकून स्वतःच्या कातडीवर उठली आहे. त्यांनी मुंबईहून कॉर्टिसोनच्या नव्या गोळ्या मागवल्या. त्या गोळ्या ती शक्ती दाबून ठेवत. महिन्याभरात फोड सुकले. भय्यासाहेबांना फार समाधान वाटलं.

श्रावणात रजनीबाई परत आल्या, त्या त्यांच्या सासूचा, माईंचा हात धरून. पोटात कळा, खोकला, जेवण जात नव्हतं. कमरेवर लाल रेघा उठायच्या आणि काही तासांत पुढे सरकायच्या. भय्यासाहेबांना वाटलं, कातडीचा आजारच उलटला. गोळ्या दुप्पट करायचं त्यांनी ठरवलं.

विनोदिनीबाईंनी मात्र माईंना विचारलं की सूनबाई घरी काय काम करतात. माई म्हणाल्या, घरामागे झेंडू-शेवंतीचे वाफे आहेत, नालीचं पाणी त्यातूनच जातं आणि ही रोज सकाळी अनवाणी चिखलात उभी राहून खुरपते. बाईंनी लगेच शौचाचा नमुना मागितला.

पहिल्या दिवशी मी काहीच दाखवू शकलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भय्यासाहेबांनी हळूच सांगितलं की आता थांबून चालणार नाही, रजनीबाई रोज खंगत आहेत.

"साहेब, फक्त उद्याचा दिवस द्या," विनोदिनीबाई म्हणाल्या. "चिखलातून पायात शिरणारा जंत रोज दिसत नाही. आणि तो आत असला तर दुप्पट गोळ्यांनी त्याचंच फावेल. त्याला अडवणारं कुणी उरणार नाही."

भय्यासाहेबांनी दुप्पट गोळ्यांची चिठ्ठी बाजूला सारली. मग म्हणाले, "ठीक आहे. उद्या दुपारपर्यंत."

तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. उजेड इतका कमी की बाईंनी माझा आरसा दहादा फिरवला. तीन काचपट्ट्या रिकाम्या गेल्या. चौथीवर, अगदी कडेला, काहीतरी वळवळलं. दोऱ्याच्या तुटक्या टोकाएवढी जिवंत अळी. मग दुसरी, मग कितीतरी. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी एवढं नीट कधी पाहिलं नव्हतं आणि दाखवलंही नव्हतं.

बाईंनी हाक मारली. भय्यासाहेबांनी डोळा लावला तो लवकर काढलाच नाही.

"मी तर रजनीबाईंना मारूनच टाकलं असतं," ते एवढंच म्हणाले.

ते जंत पायाच्या कातडीतून शिरून कित्येक वर्षं गुपचूप बसले होते. राखणदार दुबळा होताच ते वाढत गेले आणि आतड्यातून फुप्फुसापर्यंत पोचले. भय्यासाहेबांनी कॉर्टिसोन बेताबेतानं उतरवलं आणि जंतांसाठी जांभळ्या औषधाच्या गोळ्या सुरू केल्या. रजनीबाईंना उलट्या झाल्या, थोडे फोडही परत आले. दोनदा वाटलं की त्या हाती लागत नाहीत. पण नवरात्रात त्या आपल्या पायांनी चालत दवाखान्यात आल्या. पायांत चपला होत्या. पुढे भय्यासाहेबांनी नियमच केला, कॉर्टिसोन सुरू करण्याआधी प्रत्येक रुग्णाची तीन दिवस तपासणी.

दिवाळीच्या सुमारास मध्यभारत पुसला जाऊन मध्यप्रदेश झाला. राजधानी भोपाळ. विनोदिनीबाईंची बदली तिकडे झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळी भिंगं पुसली, आरसा खिडकीकडे वळवला आणि माझ्यावर वाकल्या. खाली काचपट्टी नव्हती. काहीच नव्हतं. तरी त्या बघत राहिल्या. मग मला पेटीत ठेवून निघून गेल्या.

नंतर विजेच्या दिव्याचं नवं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. भिंगांवर बुरशीची जाळी धरली आहे. कपाटाबाहेर पावलं वाजली की मी अजून कान देतो. बाईंची पावलं मी ओळखली असती.

मित्रांनो, जुनी यंत्रं कोरड्या जागी ठेवा, मऊ कापडानं पुसा. ओल्या मातीत अनवाणी जाऊ नका. आणि कुणी म्हणालं की आणखी एकदा बघू या, तर त्याच्यासाठी एक दिवस थांबा.