पाइपाचा जोड

माझी बायको दुर्गाबाई वारली तेव्हा चैत्र होता. वैशाखात विहिरीनं तळ गाठला आणि मोसंबीची साठ झाडं मी टँकरनं भरलेल्या टाकीवर जगवायला घेतली. टाकीला नळ एकच. जनावरांचा हौद, घरचे हंडे, बाग, सगळं त्याच्यावर. म्हणून पाइप दिवसातून चारदा काढायचा, चारदा जोडायचा. तिनं पाइप नळावर दाबून धरायचा आणि मी सायकलच्या ट्यूबची पट्टी वरून आवळायची, ही आमची जुनी रीत. एकट्यानं ते साधेना. पट्टी ओढली की पाइप निसटायचा. मोसंबीची पानं वळू लागली. मला त्याचंही काही वाटत नव्हतं.

पोरगा देवानंद बदनापूरला नोकरीला. तो आला, बागेतून एक चक्कर मारली.

"आबा, एकट्यानं व्हत न्हाई तं सोडा हे. चला माह्यासंग."

"अन् झाडं?"

दुसऱ्या दिवशी तो जालन्याहून प्लास्टिकचे दोन तुकडे घेऊन आला. एक नळावर आट्यांनी फिरवून बसवला, दुसरा पाइपाच्या तोंडाला. एकात एक दाबले की कट्ट वाजतं. सोडवताना वरचं कडं मागं ओढायचं. पंधरा दिवस बघू, नाही जमलं तर बाग बटईनं दुसऱ्याला कसायला देऊ, असं ठरवून तो गेला.

सकाळी मी जोड दाबला आणि सवयीनं वरून पट्टी आवळली. नळ सोडताच पाइप उडाला. पाणी मातीत चाललं होतं आणि मी नुसता बघत उभा. धाकट्या भावानं, भुजंगनं, शेजारच्या शेतातून पळत येऊन नळ बंद केला.

"दादा, मोडलेलं हाड हाय का ते, बांधून राह्यला? पट्टीनं कडं मागं सरकून राह्यलं. खोला ती."

"मंग धरायचं कोणी?"

भुजंगनं चिखलातला पाइप उचलून माझ्या हातात दिला.

"कोणीच न्हाई, दादा. धरावंच लागत न्हाई याला."

पट्टी सोडली. एका हातानं पाइप दाबला. कट्ट. नळ पूर्ण सोडला, थेंब गळला नाही. दुसरा हात रिकामाच राहिला. त्याचं काय करावं ते कळेना, म्हणून तो टाकीवर टेकवला.

पंधरा दिवसांनी देवानंद आला. झाडांची पानं सरळ झाली होती.

"जमलं का, आबा?"

"जमलं," मी म्हणालो. "आता कोणीच लागत न्हाई."