अनुसमर्थन

आयडाहो काही उभं राहीना. जाड पांढऱ्या कागदाची घडी विभावरीनं नखानं पुन्हा एकदा दाबली, कार्ड टेबलावर ठेवलं, आणि ते पुन्हा हळूहळू पाय पसरत आडवं झालं. शेजारी मॉन्टाना, वायोमिंग, युटा कशी ताठ उभी होती. अमेरिकेतल्या राज्यांच्या नावांची ही सगळी कार्डं तिनंच छापलेली, तिनंच दुमडलेली. यातलं आयडाहो नेमकं कुठं असतं हे नकाशाशिवाय तिला सांगता आलं नसतं... तिनं चिकटपट्टीचा तुकडा दातानं तोडला, कार्डाच्या पोटाशी लावला, आणि ते करता करता तिला जाणवलं, की आज सकाळपासून आपल्याला काहीच वाटलेलं नाही. म्हणजे वाईटही नाही. दादाचा मेसेज वाचला, दात घासले, डबा भरला. मेसेजमध्ये होतं, ‘कधी निघतेस?’

गेल्या आठवड्यात दादानं नाशिकहून फोन केला तेव्हा ती भेंडी चिरत होती. ‘अप्पांना झटका आलाय,’ तो म्हणाला, ‘वाचा गेली. उजवी बाजू गेली. हात तर हलतच नाही. डोळे उघडे असतात, ओळखतात बहुतेक. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना बोलावून घ्या.’ आणि वडिलांबद्दल तिच्या मनात पहिला विचार आला तो एवढाच – तो हात. दुसरा विचार आलाच नाही. भेंडी चिरून झाली, फोडणीला टाकली, नवऱ्याला, गिरीशला सांगितलं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो हातही एखाद्या कोटावर ठेवल्यासारखा वरच्या वर राहिला.

कतारमधून बाहेर पडायचं तर मालकाची सही लागते, एक्झिट परमिट. तिची नोकरी विद्यापीठाची, म्हणजे सही विद्यापीठाची. आणि ती मिळवणं काही कठीण नव्हतं. तळमजल्यावरच्या हमीदला नुसतं सांगायचं, की तो दुसऱ्या दिवशी कागद हातात ठेवतो. दादाला ती म्हणाली होती, ‘परमिटचं बघतेय.’ गिरीशलाही तेच. काल हमीद स्वतःच समोर आला, ‘मॅडम, सब ठीक?’ म्हणाला, आणि ती ‘ठीक’ म्हणून जिना चढली होती.

दहा वाजता मुलं आली. प्रोफेसरबाई ओहायोच्या, सदा घाईत, सदा उत्साहात. नाशिकच्या लॉ कॉलेजात वर्षानुवर्षं राज्यघटना शिकवलेल्या विभावरीला त्या ‘माझा उजवा हात’ म्हणून सगळ्यांना ओळख करून देत, आणि मग तिच्याकडून फोटोकॉपी काढून घेत. आजचा तास म्हणजे खेळ होता. प्रत्येक मुलाकडे तीन-चार राज्यांची विधिमंडळं. वॉशिंग्टनचं सरकार डोईजड झालं, राज्यांच्या कारभारात हात घालायला लागलं, तर राज्यांनी काय करायचं? तर दोन तृतीयांश विधिमंडळांनी एकत्र येऊन घटनादुरुस्तीसाठी परिषद मागायची, काँग्रेसची परवानगी न घेता. ‘हा त्यांच्या हातातला ब्रेक आहे,’ प्रोफेसरबाई म्हणाल्या.

ब्रेक. हाच शब्द. नाशिकच्या त्या लांबट वर्गात, पंख्याच्या खडखडाटावर आवाज चढवून तीही हेच सांगायची – संसदेनं दुरुस्ती केली तरी काही बाबतीत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते, पुस्तकी भाषेत अनुसमर्थन. हा राज्यांच्या हातातला ब्रेक. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचंच, ‘लागला का कधी, मॅडम?’ ‘माझ्या माहितीत तरी नाही,’ असं ती म्हणायची आणि वर्ग हसायचा. तीही हसायची... आणि घरी अप्पा पेपर वाचत बसलेले असायचे.

आणीबाणीच्या दुसऱ्या हिवाळ्यात अप्पा आमदार होते, सत्ताधारी पक्षाचे. समोरच्या बिऱ्हाडातले शौचेकाका, शाळामास्तर, मिसाच्या कायद्याखाली नाशिकरोडच्या तुरुंगात. त्यांची मुलगी मृदुला शाळेत विभावरीच्या वर्गात. नागपूरच्या अधिवेशनाला निघायच्या आदल्या दिवशी शौचेकाकू आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

‘अप्पा, कोर्टांचे हात बांधणारी दिल्लीची ती घटनादुरुस्ती तुमच्याकडे संमतीला येणार म्हणे. निम्म्या राज्यांनी हो म्हटल्याशिवाय ती होत नाही, असं आमच्या घरात बोलणं व्हायचं.’

‘तसं आहे खरं.’

‘मग तुम्ही नाही म्हणा. नाही म्हणवत नसेल तर निदान हात वर करू नका.’

अप्पा चष्मा पुसत राहिले. ‘पाहतो, वहिनी,’ म्हणाले.

नागपूरहून ते संत्र्याची बर्फी घेऊन आले. जेवताना आईनं हात वर केला का असं काहीतरी विचारलं असावं, कारण अप्पा म्हणाले, ‘सगळ्यांनी केला. केला.’ मग भात मागितला. बर्फीचा एक पुडा त्यांनी विभावरीच्या हाती दिला, ‘मृदुलाकडे देऊन ये.’ काकूंनी तो घेतला, आणि सकाळी पुडा अप्पांच्या पायरीवर होता, दोरीसुद्धा न सोडलेला, मुंग्या लागलेला. आईनं मुंग्या झटकून बर्फी डब्यात भरली. घरात सगळ्यांनी ती खाल्ली. चांगली होती. हे कधी कोणाला सांगता आलं नाही, की ती चांगली होती...

फळ्यावर विभावरी आकडे मांडत होती. कॅन्सस, हो. डकोटा दोन्ही, हो. हात भराभर वर जात होते. दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. शेवटी अमिना उरली. पहिल्या बाकावरची, बुरख्यासारखा अबाया आणि काळ्या दोरीतला चष्मा, कमी बोलणारी. तिच्याकडची पश्चिमेची राज्यं ठरावाच्या बाजूची, तसं तिच्या माहितीपत्रकात छापलेलंच होतं. तिचा हात वर गेला, की दोन तृतीयांश पुरे.

हात टेबलापासून जरासा उचलला गेला आणि परत टेबलावर आला.

‘यल्ला, चल अमिना,’ मागून रहमान म्हणाला, ‘खलास करून टाक, भूक लागलीय.’

‘माझी राज्यं मत देत नाहीत,’ अमिना म्हणाली.

‘म्हणजे विरोधात?’ प्रोफेसरबाईंनी विचारलं.

‘विरोधात नाही. देत नाहीत.’

‘कारण?’

‘सगळे माझ्याकडे बघतायत.’

वर्ग हसला. प्रोफेसरबाईही हसल्या, राजकारणात असंही होतं म्हणाल्या, आणि ठराव पडला. मुलं खुर्च्या सरकवत बाहेर गेली. अमिना मागे राहिली, न सांगता कार्डं गोळा करू लागली.

‘मिस, माझे मार्क जातील?’

‘नाही जाणार.’

‘खरं तर मला ठराव पटला होता. काल वाचला तेव्हाच. पण सगळ्यांचे हात वर गेल्यावर माझा हात मला माझा वाटेना. वर गेला असता तर तो मी नेला, असं म्हणता आलं नसतं.’ तिनं कार्डांचा गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला. ‘तुम्ही दिलंय कधी असं मत?’

‘मी नाही. माझ्या वडिलांनी दिलं होतं. खऱ्या विधिमंडळात.’

‘काय दिलं?’

‘हो म्हणाले.’

‘त्यांना काय वाटलं तेव्हा?’

विभावरीनं फळा पुसायला घेतला. ‘माहीत नाही. कधी विचारलं नाही.’

‘मग विचारा ना,’ अमिना म्हणाली. इतकं साधं, घरी फोन करून एखाद्या पदार्थाची कृती विचारून घ्यावी तसं. पिशवी खांद्याला लावून ती निघूनही गेली.

विभावरीला तिला सांगायचं होतं, की एकदा विचारायचं ठरवलं होतं. लॉ कॉलेजच्या अंकात तिचा लेख आला होता, राज्यांच्या संमतीवरचा. अप्पांनी तो दुपारभर वाचला, मग चष्मा काढून म्हणाले, ‘छान लिहिलंयस. भाषा छान आहे.’ आणि ती, जी प्रश्न तयार करून दारात उभी होती, चहा ठेवायला आत गेली. त्यानंतर घरात त्या विषयाला कोणी हातच लावला नाही. रागही नव्हता म्हणावं तर. एक कपाट असतं, आहे हे सगळ्यांना माहीत असतं, त्यावर सगळे कपडे टाकतात, उघडत कोणी नाही, तसं.

संध्याकाळी गिरीश न्यायला आला. अल सद्दच्या सिग्नलला गाड्यांची लांब रांग लागली होती. गुरुवार, सगळं शहर बाहेर पडलेलं.

‘हमीदला सांगितलंस?’

‘नाही.’

‘उद्या-परवा ऑफिस बंद, विभा.’

‘माहीत आहे.’

‘मी जाच असं म्हणत नाहीय काही. पण नंतर तुला वाटेल –’

‘काय वाटेल?’ तिनं विचारलं. भांडायला नव्हे, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि त्याला माहीत असेल तर त्यानं सांगावं असं वाटत होतं. गिरीशनं तिच्याकडे पाहिलं आणि गियर टाकला. गाडी थोडी पुढे सरकली, थांबली.

इतकी वर्षं तिनं अप्पांचा तो हात वर जाताना पाहिला होता. सभागृह पाहिलं नव्हतं, पण हात पाहिला होता. झटकन, पांढऱ्या बाहीसकट, खिडकीची कडी काढायला जावा तसा सहज. आणि आता तो जाईना. आता तो बाकावर पडलेला दिसत होता, बोटं थोडी आवळलेली, आजूबाजूला बाह्यांचं रान उगवत चाललेलं, नागपूरच्या थंडीत पेटीतून काढलेल्या स्वेटरांना डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि शेजारी कोणीतरी, ओळखीचंच, नुसतं वळून बघणारं... तो वर गेला हे खरं. कोणी नेला? ‘सगळ्यांनी केला. केला.’ दोन वाक्यांच्या मध्ये अप्पा थांबले होते का? की आपणच आत्ता थांबवतोय त्यांना? भात मागताना त्यांनी कुठला हात पुढे केला होता...

का केलात, हा प्रश्न तिच्यापाशी तयार होता. तिचा धंदाच तो. पण आता विचारायचं होतं ते वेगळंच काहीतरी, त्याला वाक्यही सापडत नव्हतं. आणि ज्याला विचारायचं त्याच्याकडे आता उत्तर द्यायला शब्दच उरले नव्हते. डोळे उघडे असतात, दादा म्हणाला होता. म्हणजे ती पलंगाशी उभी राहिली, तर ते बघतील. ती काही बोलणार नाही, ते काही बोलणार नाहीत, आणि ते बघत राहतील. नुसतं तेवढ्यासाठी जायचं? की तेवढ्यासाठीच जात नव्हतो आपण?

सकाळपासून काहीच न वाटलेल्या तिला आता थंडी वाजायला लागली. आधी गुडघ्यांना, मग मानेमागे, मग दातांपर्यंत. एसीचा झोत सरळ तिच्यावर येत होता, रोजच येत असणार. गिरीशला सांगितलं असतं तर त्यानं लगेच कमी केला असता. तिनं ओढणी आवळून घेतली, आणि सांगितलं नाही. हिरवा दिवा लागून गाडी निघाली तरी ती तशीच कुडकुडत, जराशी पुढे झुकून बसून राहिली.