सुनेच्या मापाचा ओटा

दिवाळीत योगिता, माझी सून, चार दिवस डिंडोलीला माझ्याकडे राहिली आणि जाताना म्हणाली, "मम्मी, तुमच्या ओट्यावर वाकून वाकून कंबर गेली." चेतन, माझा मुलगा, म्हणाला, "किचन नीट झालं तर इकडेच राहायला येऊ. बघू." त्याच्या त्या 'बघू'ला मी हो समजले. एवढी अक्कल माझी.

सहा बाय सातचं स्वयंपाकघर. माझे मालक, चेतनचे वडील, हयात असताना कापडाच्या लूमवर कामाला होते, तेव्हा स्वतः विटा लावून त्यांनी तो ओटा केला होता, मी ठेंगणी म्हणून ठेंगणा. तो मी फोडायला लावला. गुजराती गवंडी मगन मला 'बा', म्हणजे आई, म्हणतो. तो म्हणाला, "बा, जी रांधनार तिला उभी करा. कोपराच्या चार बोटं खाली ओटो." आता कामरेजच्या भाड्याच्या घरून योगिताला कोपर दाखवायला बोलावू का? शेजारची शोभाबाई तिच्याएवढीच उंच. तिलाच उभी केली. ती बापडी हात वाकवून उभी राहिली, वर मलाच विचारते, "सून कधी येणार गं?" मी म्हटलं, "ओट्यावर दगड बसला की."

विटांचं काम झालं त्या सकाळी चेतनचा फोन आला.

"काय म्हणस रे भाऊ?"

"आई, इकडे कामरेजलाच फ्लॅट बुक केला. योगिताला इथून नोकरीला सोपं पडतं. तू येत जा ना अधूनमधून."

"चांगलं झालं," मी म्हटलं. ओट्याचं काही बोलले नाही. तोही विसरला असावा. फोन ठेवला आणि असा राग आला मला, त्याचा नाही, माझाच. म्हातारपणी कोणी सांगितला होता हा शहाणपणा.

जेवायला तर हवंच. विटांवर फळी टाकून परात ठेवली, कळण्याचं, ज्वारी-उडदाचं, पीठ मळायला घेतलं. हात छातीशी आले. जोरच लागेना. टाचा उंच केल्या, तरी नाही. शेवटी परात घेऊन खाली फरशीवर बसले आणि एका भाकरीचं पीठ मळलं. एकीचंच लागतं.

दुपारी मगन आला. "बा, उद्या पथ्थर बसवतो. मग खाली-वर नाही होनार."

"विटांचे दोन थर काढ."

"वहूला वाकावं लागेल ने?"

"सून येणार नाही, मगनभाई. मी एकटीच आहे इथं."

हे मी शोभाबाईलाही सांगितलं नव्हतं. गवंड्याला सांगून बसले. डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही. मगन छिन्नी घेऊन खाली बसला. सिमेंट अजून ओलंच होतं. विटा लगेच सुटल्या.