पायथ्याची दोरी

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे. पाय बाभळीचे, अंग सुंभाचं. या वयात स्वतःचं कौतुक सांगत बसायची ताकद माझ्यात उरलेली नाही, म्हणून जे सांगायला लाज वाटते तेच आधी सांगून टाकते. या घरातल्या दहा महिन्यांच्या छकुलीचा पाय मोडला, तो माझ्याच अंगावर. त्या दिवसापासून मी थकले ते थकलेच.

माझा जन्म मंठा तालुक्यातल्या या गावातलाच. भुजंगरावांचं लग्न ठरलं तेव्हा संपत सुताराने त्यांच्या बांधावरची बाभूळ तोडून माझी चौकट केली. विणलं मात्र भुजंगरावांनी स्वतः. दोन दिवस ओसरीत बसून, सुंभ भिजवून भिजवून, त्यांनी मला असं घट्ट विणलं की संपत माझ्यावर उभा राहिला तरी मी वाकले नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं माणसं एकमेकांना टोमणा मारायला म्हणतात. मी तर सुंभाचीच, त्यामुळे मला ते नेहमी कौतुकच वाटत आलं.

तुम्ही आता गाद्यांवर झोपता, म्हणून एक गोष्ट समजावून सांगते. बाजेचं विणकाम पायथ्यापर्यंत जात नाही. ते हातभर अलीकडेच संपतं. तिथून पायथ्याच्या दांड्यापर्यंत एकच लांब दोरी वळसे घेत जाते. बाज सैल पडली, की ती दोरी ओढायची आणि पुन्हा आवळून बांधायची. भुजंगराव दर पंधरा दिवसांनी दांड्याला पाय लावून ती ओढत. सगळी बाज त्या एका दोरीवर ताठ राहते. माझं पुढचं सगळं दुःख त्या दोरीचंच आहे.

माझे चांगले दिवस पुष्कळ होते. त्यांच्या बायकोचं, नंदाबाईंचं, बाळंतपण माझ्यावर झालं. खाली शेगडी, वर वाकळ, आणि कुशीत तांबडालाल कल्याण. पाहुणे आले की आधी मला अंगणात टाकत आणि मग पाण्याचा तांब्या येई. "बाज लई ऐसपैस हाय तुमची," असं कुणी म्हटलं की मी रात्रभर करकरायची नाही.

मग जालन्याहून गादीचा लाकडी दिवाण आला. कानामागून आला आणि तिखट झाला. भुजंगरावांच्या बोटांत वात शिरला, त्यांना दोरी ओढवेना. कल्याणला मी दिसेनाशी झाले. माझ्यावर मिरच्या वाळल्या, शेवया वाळल्या, कोंबड्या बसल्या. शीतल सून होऊन आली तेव्हा मी ओसरीच्या कोपऱ्यात होते. तिला मात्र माझी आवड होती. माहेराहून तीन महिन्यांची छकुली घेऊन आली, ती दुपारी माझ्यावरच लवंडायची. "दिवाणावर घाम येतो, हिच्यावर खालून वारं लागतं," म्हणायची. इतक्या वर्षांनी कुणी माझी बाजू घेतली, याचं मला फार बरं वाटलं.

यंदा हरभरा निघाला तेव्हाची गोष्ट. कल्याणला एक पोतं मोटरसायकलवर मंठ्याला न्यायचं होतं. बांधायला दोरी सापडेना. त्याने इकडेतिकडे पाहिलं, विळा घेतला आणि माझ्या पायथ्याची चार हात दोरी कापली. उरलेली त्याने लांब लांब वळशांनी कशीबशी बांधली. "संध्याकाळी दुसरी आणून लावतो," असं स्वतःशीच म्हणाला. संध्याकाळ झाली, चार दिवस झाले, दोरी आली नाही. माझ्या पायथ्याशी वीतवीतभर फटी पडल्या होत्या आणि त्यांच्यावर गोधडी अंथरलेली होती. गोधडीखालचं कोण बघतो?

पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्याकडे ते आठवड्यातून एकदा येतं, आणि आलं की गावात लगीनघाई उडते. छकुली माझ्यावर झोपली होती. शीतलने दोन्ही अंगांना उशा लावल्या. ती तिथून हलायला तयार नव्हती, पण नळावरून नंदाबाईंची हाक आली.

"शीतल, जल्दी ये गं! नंबर चालला आपला!"

शीतल दोन घागरी घेऊन पळाली. तेवढ्यात लेकरू जागं झालं आणि आईला शोधत पायथ्याकडे रांगलं. गोधडी सरकली. एक पाय फटीतून मांडीपर्यंत खाली गेला. घाबरून तिने सगळं अंग एका बाजूला टाकलं. काटकी मोडावी एवढाच आवाज झाला, पाय फटीतून सुटला आणि ती खाली घरंगळली; धावत आलेल्या शीतलला लेकरू फरशीवर दिसलं, गोधडीखालची फट दिसली नाही. त्यानंतर ती जी रडली, ते रडणं माझ्या लाकडात अजून आहे.

शेजारची दैवशाला म्हणाली, गावात हाड बसवणारा आहे, तेल लावून ओढून देईल. शीतलने एवढ्या एका गोष्टीत कुणाचं ऐकलं नाही. जालन्यालाच न्यायचं म्हणाली आणि पायाला पुठ्ठा बांधून, मांडीवर धरून, तासाभराच्या आत निघाली.

दवाखान्यात काय झालं ते मला परत आल्यावरच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टरांनी विचारलं, लेकरू पडलं कसं? शीतल तोंड उघडायच्या आत नंदाबाई म्हणाल्या, "आईचं ध्यान नव्हतं." कल्याण तिथेच उभा होता. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर घालून छकुली घरी आली. पाच आठवडे झोळी बंद, रांगणं बंद, अंघोळ बंद. लेकरू सपाट आणि कडक जागेवर ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भुजंगरावांनी गोठ्यातलं जुनं दार काढलं. ते माझ्यावर टाकताना धरायला कल्याण आला, तेव्हा त्याला कापलेलं टोक दिसलं. त्याने ते बोटांत धरलं. तोंड एकदम राखेसारखं झालं. तेवढ्यात भुजंगराव म्हणाले, "धर ना, काय बघून राह्यला?" आणि दार माझ्यावर पडलं. मी झाकली गेले आणि माझ्याबरोबर त्याचं गुपितही.

मित्रांनो, आजारी लेकराचं घर म्हणजे काय, ते मी त्या पाच आठवड्यांत पाहिलं. ओलं झालं की प्लास्टर सडतं, म्हणून कमरेपाशी जुन्या लुगड्याच्या चिंध्या खोचायच्या, तासातासाला काढायच्या, नव्या खोचायच्या. चैत्राचं ऊन. वीज गेली की पुठ्ठ्याने वारा घालायचा. आत खाज सुटली की छकुली केकाटायची आणि तिथे बोट पोचत नसे. पंधरा दिवसांनी तिने एक खेळ शोधला. चमचा घेऊन स्वतःच्या प्लास्टरवर ठकठक वाजवायची आणि हसायची. घरात हसणारं ते एकच माणूस होतं.

त्यात बघायला येणारे. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. बिस्किटाचा पुडा घेऊन यायचे, दिवाणावर बसायचे आणि विचारायचे, कसं झालं हो? नंदाबाईंचं उत्तर ठरलेलं. ते ऐकत शीतल चहा गाळायची. नंदाबाई वाईट बाई नव्हेत. चिंध्यांचा ढीग त्या स्वतः धूत होत्या, एक दिवस चुकला नाही. पण एकदा एक वाक्य तोंडात बसलं की माणूस ते सोडत नाही. पुढे पुढे त्यांनी त्यात भर घातली. "प्लास्टर निघालं की लेकरू मी सांभाळीन. शीतलनं रानात जायचं. तिच्या भरवशावर बिलकुल ठेवायचं न्हाई आता."

हे शीतलने ऐकलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला, एवढंच. त्या दिवसापासून ती माझ्यावर टेकलीसुद्धा नाही. खाली फरशीवर बसायची, एक हात दारावर, छकुलीच्या छातीवर. डोळा लागला की दचकून उठायची. तव्याने दोनदा हात भाजला. खरं सांगते, मला तिची कीव येत होती आणि त्याहून जास्त स्वतःचा राग. इतकं सगळं ठाऊक असून मी नुसती चार पायांवर उभी होते.

कल्याण काय करत होता? कामं करत होता. न सांगता पाणी भरायचा, शेळीचं दूध काढायचा, मंठ्याहून केळी आणायचा. बायकोच्या डोळ्याला डोळा मात्र देत नव्हता. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा "चहा हाय का?" एवढंच विचारलं.

चौथ्या आठवड्यात दैवशाला पुन्हा आली. नंदाबाई ओढ्यावर गेल्या होत्या. "कसं गं झालं व्हतं नेमकं?" तिने शीतललाच विचारलं. शीतल चिंधीची घडी घालत होती. मान वर न करता म्हणाली, "माझंच ध्यान नव्हतं, काकू."

कल्याण उंबऱ्यात उभा होता. त्याने ते ऐकलं आणि तसाच मागे फिरला. मला वाटलं, आता तरी बोलेल. तो बोलला नाही. इतका भित्रा माणूस माझ्याच अंगावर वाढला, याचं मला वाईट वाटलं.

ठरल्या दिवशी जालन्याला जाऊन प्लास्टर काढलं. हाड बराबर जुळलं होतं. पाय तेवढा वाळल्यासारखा बारीक झाला होता, आणि छकुली तो परक्याचा असल्यासारखा बघत होती. घरी येताच नंदाबाईंनी नातीला आपल्या मांडीवर घेतलं. "उद्यापासून तू रानात," त्या शीतलला म्हणाल्या. शीतलने मान हलवली.

भुजंगरावांनी माझ्यावरचं दार उचलायला घेतलं. गोधडी खाली सरकली. म्हातारा वाकला, त्याने पायथ्याला हात लावला आणि कापलेलं टोक वर ओढलं.

"ही दोरी कोणं कापली?"

"उंदरानं कुरतडली आसंल," नंदाबाई म्हणाल्या.

मित्रांनो, पळवाट आयती समोर आली होती. फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्याला पाच आठवड्यांचा सराव होता. कल्याण पुढे आला.

"उंदरानं न्हाई, माय. मी कापली. पोतं बांधायला नेल्ती. लावतो म्हणलं अन् भुललो. छकुलीचा पाय त्या फटीत गेल्ता."

छकुलीने नंदाबाईंच्या बांगड्या ओढल्या. आपलेच दात, आपलेच ओठ. सून असती तर नंदाबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. लेकाला काय बोलणार? त्यांनी हात लांबवून त्या फटी चाचपल्या. मग हळूच म्हणाल्या, "अन् नळावर तर तिला मीच बलावलं व्हतं."

शीतल रडली नाही. ती कल्याणसमोर जाऊन उभी राहिली.

"येक दिस आधी सांगितलं आसतं तुम्ही," ती म्हणाली, "तर मी येक दिस झोपले आसते."

नंदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि छकुलीला शीतलच्या खांद्यावर दिलं. "घे. तुझं लेकरू तुझ्यापशी ऱ्हाऊ दे. रानात मी जाईन."

भुजंगराव लेकाला म्हणाले, "माझी बोटं चालत न्हाईत. नवी दोरी आण अन् तू वढ. मी सांगतो तसं." कल्याणने दोरी आणली, दांड्याला पाय लावला आणि ओढली. त्याला जमत नव्हतं. म्हाताऱ्याने तीनदा सोडायला लावली, चौथ्यांदा ठीक म्हणाला. कित्येक वर्षांनी माझं अंग ताठ झालं. दुखलं, पण ते दुखणं चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर शीतल छकुलीला पोटाशी घेऊन माझ्यावर आडवी झाली. पाठ टेकली आणि क्षणात डोळे मिटले. थोड्या वेळाने दैवशाला आली. "आगं बया, दिवसाढवळ्या झोपली का सून?"

नंदाबाई रानात जायला निघाल्या होत्या. हातातलं खुरपं खाली ठेवून त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या. "हळू बोल," त्या म्हणाल्या. "तिला उठवू नगं. काय इचारायचं ते मला इचार, मी सांगते खरं काय झालं ते."

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे. घरातली जुनी वस्तू अडगळ म्हणून सोडून देऊ नका. सैल झाली असेल तर आवळा, मोडली असेल तर बांधा. तिच्यावर कोणाचं तरी लेकरू झोपत असतं. आणि तुमच्या हातून काही चुकलं, तर ते त्याच दिवशी बोलून टाका. मला तोंड नाही, म्हणून मी पाच आठवडे गप्प राहिले. तुम्हाला तोंड आहे.

आता जा, पण चपला हातात घेऊन जा. शीतल अजून उठलेली नाही.