बुळबुळीत दगड

दोघी बहिणींतली धाकटी सूक्ष्मजीवांची अभ्यासक. हिमनदीच्या ओढ्यातून सकाळी तिने बारा दगड वेचले, आणि बोटं पार बधिर झाली तशी ती तंबूत हात शेकायला गेली. सोबतीला आलेली थोरली शिंपीण. रिकामं बसणं तिला ठाऊकच नव्हतं. धाकटी परतली, तर बाराही दगड लख्ख घासून ओळीने वाळत ठेवलेले.

"ताई, हे काय केलंस?"

"अगं, किती बुळबुळीत होते! म्हटलं, तेवढाच तुला हातभार."

धाकटीने कपाळावर हात मारला. "ती बुळबुळच न्यायला आलेय मी! शेकडो जातींचे जीव असतात तिच्यात. पिढ्यान्‌पिढ्या या गारठ्यात राहून ते इथलेच होऊन गेलेत."

ताईचं तोंड एवढंसं झालं. मग तिने बाह्या सारल्या आणि सरळ ओढ्यात हात घातला. "तू बस. कुठला उचलू, तेवढं सांग."

"ताई, पाणी फार गार आहे गं."

"असू दे. तुझं नाक पुसण्यात माझं बालपण गेलं, या शेंबडाचं काय एवढं!"

धाकटी इतकी हसली की तिला काठावर बसावंच लागलं. दुपारपर्यंत नवे बारा दगड जमले. धाकटीच्या बोटांना थोरलीने पुन्हा पाणी लागू दिलं नाही.