शेजाऱ्यांचं दार

फोटोच्या कोपऱ्यात बाबांचं बोट आलं होतं — धूसर, गुलाबीसर, लेन्सवर नकळत टेकलेलं — आणि बोटापलीकडे निळं दार, दारापुढे आई, आईच्या कडेवर ती स्वतः. त्यानंतर बाबांच्या बदल्यांपायी किती गावं झाली, किती भाड्याची घरं, पण कुणी ‘तुझं घर कुठलं?’ असं विचारलं की तिच्या डोळ्यांपुढे हेच दार यायचं. त्याच्या कडीचा गारवा अजून तळहातात होता... फोटोग्राफर झाली तीही बहुधा या दारापायीच. आता तिच्या प्रदर्शनात पहिला फोटो हाच लागणार होता. खाली एकच शब्द : घर.

“आई, या दारातून आत गेलं की आधी काय लागायचं गं?”

खिडकीशी मटार सोलत बसलेल्या आईनं कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

“मला काय ठाऊक? ते शेजाऱ्यांचं दार.”

“म्हणजे?”

“आपलं सामान गाडीत चढलेलं. बाबा म्हणाले, निघता निघता एक फोटो काढू. आपल्या दाराची पार रया गेलेली. शेजारीण म्हणाली, आमच्या दारापुढे उभे राहा, कालच रंगवलंय.” आईला हसू फुटलं. “रंग वाळला कुठे होता मेला! तुझ्या झबल्याला लागला तो लागलाच.”

“मग आपलं दार कसं होतं?”

“तपकिरी... की हिरवं? अगं, सोडलेल्या घराची दारं कोण लक्षात ठेवतं? पुढच्या घरी तुझं दूध कुठे तापवायचं, याचाच घोर असायचा.”

तिला आईचा राग आला — आपल्याला न विचारता काहीतरी विकून टाकल्यासारखा. मग तो गारवा कुठल्या कडीचा? की कडी नव्हतीच, आणि इतकी वर्षं आपण फोटो बघून बघूनच तो हाताला लावून घेतला?... आणि आई मात्र शेंगा फोडत होती, दाणे भांड्यात टपटपत होते, जणू काहीच गेलं नव्हतं.

तिनं कॅमेरा उचलला.

“इथे नको गं, भिंतीचे पोपडे दिसतील.”

“दिसू देत.”

“अवतार तरी बघ माझा!” म्हणत आईनं केसांवरून हात फिरवला, आणि पुन्हा शेंग उचलली.

ती कॅमेऱ्यातून बघत राहिली. नेहमी चौकटीत काय नको ते तिला आधी कळायचं — एखादी तार, एखादा कोपरा, एखादी सावली ती बाहेर काढायची. आज चौकटीबाहेर काय ठेवावं तेच कळेना... आणि कळत नाही, याची भीतीही वाटेना.