कू शिफूंचे प्रश्न

सौदी अरेबियातल्या हुफूफ शहराच्या पश्चिमेला, खजुराच्या बागा संपल्यावर तासभर गाडी हाकली की एका चिनी कंपनीच्या कारखान्याची साइट लागते. सफूरा मुकादम तिथे सर्व्हे इंजिनिअर होती. मूळची श्रीवर्धनची. तीन महिने तिने ती जमीन मोजली होती आणि चारशे कामगारांच्या कॅम्पसाठी एक सखल, सपाट जागा निवडली होती. वायव्येला उंचवटा, म्हणजे वाळूच्या वाऱ्याला आडोसा. नकाशे मंजूरही झाले होते.

एके दिवशी प्रोजेक्ट मॅनेजर चेन जरा चाचरतच म्हणाला, "मॅडम, उद्या कू शिफू येतायत. मालकांनी खास बोलावलंय. ते जागा बघतील."

शिफू म्हणजे गुरू, एवढं चीनमधल्या सहकाऱ्यांमुळे तिला माहीत झालं होतं.

"फेंगशुई?" ती म्हणाली. "चेन, शकुन-अपशकुन मी मानत नाही. त्यावर नकाशा बदलणार नाही."

"ते शकुन सांगत नाहीत," चेन म्हणाला. "तुम्ही फक्त सोबत या."

सकाळी गाडीतून एक ऐंशीच्या घरातला किडकिडीत माणूस चेनच्या दंडाला धरून उतरला. सफूराने सलाम केला. त्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली, तेव्हा तिला दिसलं: दोन्ही बुबुळं दुधाळ झालेली. तो आंधळा होता.

"हे जागा बघणार कशी?" तिने चेनला हळूच विचारलं. चेनने ते चिनीत सांगूनही टाकलं.

म्हातारा मनापासून हसला. "तुझ्या डोळ्यांनी," चेनने त्याचं उत्तर इंग्रजीत सांगितलं.

कॅम्पच्या जागेच्या मधोमध कू शिफू उभे राहिले. मग विचारलं, "मुली, इथे मुंग्यांची बिळं आहेत?"

सफूराने खाली पाहिलं. चालत सुटली. सगळा सखल भाग पालथा घातला. "नाहीत. वर, चढावर आहेत. पुष्कळ आहेत."

"वाळूखाली काय आहे?"

तिने बुटाने वाळू सारली. खाली चिकणमातीचे पापुद्रे होते, वाळत घातलेल्या पापडांसारखे कडा वर वळलेले. तीन महिने ती यावरून चालत होती.

"झुडपांना काडीकचरा अडकलाय?"

"अडकलाय."

"कुठल्या अंगाला?"

ती एकेका झुडपाशी वाकली. पाचव्या झुडपाशी पोचेपर्यंत तिचा आवाज बदलला होता. "नैर्ऋत्येला. सगळ्यांच्याच." ती थबकली. "पण वारा तर इथे वायव्येकडून येतो. वाऱ्याने आणला असता तर कचरा त्या अंगाला साठला असता."

चेन बोलणार होता, त्याला कू शिफूंनी हाताने थांबवलं.

सफूराने नैर्ऋत्येकडे पाहिलं. दूरवर पठाराची फिकट रेघ होती. तिथून इथवर येणारा उतार इतका हलका की कागदावर तिने तो सपाट धरला होता.

"पाणी," ती म्हणाली. "इथून पाणी जातं."

तेव्हा कुठे म्हाताऱ्याने पिशवीतून एक लाकडी तबकडी काढली. मधे होकायंत्र, भोवती अक्षरं कोरलेली कितीतरी वर्तुळं. बोटांनी ती वर्तुळं चाचपत ते पुटपुटले आणि त्यांनी मान डोलावली.

"हे आधी का नाही काढलंत?" सफूराने विचारलं.

"माझ्या गुरूंनी नऊ वर्षं याला हात लावू दिला नाही. नुसतं चालायला लावलं, रोज विचारायचे, आज काय दिसलं? मी चुकायचो, तरी उत्तर सांगायचे नाहीत. आता ते नाहीत, माझे डोळेही नाहीत. पण त्यांचे प्रश्न आहेत." मग म्हणाले, "फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. तू वाऱ्याची सोय बघितलीस. अर्धं काम झालं होतं."

त्यात टोमणा नव्हता. सफूराला आपल्या सगळ्या परीक्षा आठवल्या. असं कुणी कधी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने खड्डे खणून घेतले. गाळाचे थर एकावर एक निघाले. स्वच्छ मोजता येतील असे सात, म्हणजे सात पूर. तिने स्वतःच आपला नकाशा रद्द केला आणि कॅम्प चढावर नेला. वरिष्ठ चिडले. कामाला महिनाभर उशीर झाला. कू शिफू केव्हाच घरी परतले होते.

नोव्हेंबरमध्ये एका दुपारी पठारावर आभाळ काळं झालं. साइटवर थेंबही पडला नव्हता. आधी आवाज आला, लांबून ट्रक यावेत तसा. मग नैर्ऋत्येकडून तांबूस पाण्याची जीभ सरकत आली, तिच्यामागे दुसरी, आणि बघता बघता सगळा सखल भाग छातीभर पाण्याने भरला. चारशे माणसं चढावर येऊन उभी राहिली. कुणीतरी हलकेच "सुबहानल्लाह" म्हणालं. सफूराच्या ओठांवरही तेच आलं. शेजारी चेनने दोन्ही हात जोडून मान लववली होती.

चार दिवसांत पाणी जिरलं. पंधरवड्याने तिथे बोटभर उंचीचं हिरवं गवत उगवलं, आणि कुठूनसे उंट चरायला आले.